पर्ससीनच्या नौकेत वाटा घेऊ का?

मालवण तालुक्यातल्या एका गावातून एका तरुण मच्छीमाराने लिहिलं आहे. वय ३१, लग्न झालेलं, पाच वर्षांची मुलगी. आजोबांचा रापणीत, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, वाटा होता. वडिलांनी पुढे इंजिनाची फायबर होडी घेतली आणि गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं, लावून आजवर घर चालवलं. आई आणि पत्नी बाजारात मासे विकतात. गेली काही वर्षं बांगडा आणि तारली पूर्वीसारखी किनाऱ्याजवळ येत नाही, इसवणीसाठी (सुरमईसाठी) लांब जावं तर इंधनाचा खर्च निघत नाही, आणि परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरांनी दोनदा जाळी फाडून नेली. आता मासळीचा एक व्यापारी मिनी पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा थवा घेरून उचलणाऱ्या जाळ्याच्या, नौकेत चौथा वाटा देऊ करतो आहे. पाच लाख भरायचे, त्यातले तीन लाख उचल म्हणून तोच देणार, मासळी मात्र त्यालाच घालायची. नारळी पौर्णिमेआधी त्याला उत्तर हवं आहे. वडील पर्ससीनविरोधी आंदोलनांत पुढे असायचे. "ज्या जाळ्यान आमच्या पोटार पाय दिल्यान, ताच जाळा तू माझ्या दारात हाडतलस?" एवढं विचारून त्यांनी बोलणं बंद केलं आहे. पत्रलेखक म्हणतात: "पारंपरिक मासेमारी संपलीच आहे. मी वाटा घेतला नाही तर दुसरा घेईल, मासा काही वाचणार नाही. मग तत्त्वासाठी माझ्याच घराने का मरावं? की होडी विकून किनाऱ्यावरच्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या काढू? मुंबईचे एक जण ती जागा विकतही मागत आहेत."

*

तुम्हाला उत्तर द्यायला मुदत आहे, म्हणून माझं मत आधीच सांगते. हा वाटा घेऊ नका. पण 'घेऊ नका' म्हणणं सोपं असतं. घर कसं चालणार याचा विचार केल्याशिवाय ते म्हणण्याचा मला अधिकार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या पत्रात एका बाजूला पैसा आहे आणि दुसऱ्या बाजूला तत्त्व. वाटा घेतला तर पैसा, न घेतला तर बाबांचं तत्त्व राखलं जाईल, असं तुम्ही धरून चालला आहात. मला पहिली शंका तिथेच आहे. या वाट्यात पैसा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? ज्याला तीन लाख उचल देऊन तुमची मासळी बांधून घ्यायची आहे, त्यानेच ना?

त्याच्याकडे आधी नौकेचा मासेमारी परवाना मागा आणि त्यावर कोणत्या जाळ्याची नोंद आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी जो आदेश काढला, त्यात पर्ससीनचे परवाने ४९४ वरून २६२ आणि शेवटी १८२ वर आणायचं ठरलं. नवे परवाने थांबले. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनाही राज्याच्या हद्दीत, म्हणजे १२ सागरी मैलांच्या आत, सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने मिळाले. अशा वेळी तुम्हाला देऊ केलेल्या 'मिनी' पर्ससीनच्या परवान्यावर भलत्याच जाळ्याचं नाव असण्याची शक्यता मोठी आहे. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा असला तरी २०२१ च्या दुरुस्तीने त्याला दात आले आहेत. पर्ससीनच्या उल्लंघनाला १ लाखापासून ६ लाखांपर्यंत दंड, मासळी खेचणारे एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत. पूर्वी निवाडा तहसीलदारांकडे असायचा, आता तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आहे. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणीही सुरू झाली आहे. अंमलबजावणी ढिली आहे हे मला मान्य आहे. पण तुमचा सगळा धंदा ती कायम ढिलीच राहील या भरवशावर उभा राहणार असेल, तर त्यात तुमचं काय उरतं?

आता त्या चार महिन्यांचा हिशेब घाला. परवाना खरा आहे असंच समजू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पर्ससीनला कायद्याने मुभा डिसेंबरअखेरपर्यंत. हप्ता, उचल, खलाशांचा पगार, जाळ्याची डागडुजी आणि इंजिनाचं काम मात्र बारा महिने चालू. चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचं कर्ज फिटत नाही, म्हणून जानेवारीतही जाळं टाकलं जातं. तेही पुरेनासं झालं की कोणीतरी दिवे लावायला सांगतं. समुद्रात नियम मोडणारे सगळे मुळात लोभी असतात असं मला वाटत नाही. त्यातल्या पुष्कळांना कर्ज पुढे ढकलत असतं. तुम्ही आज त्या कर्जाच्या दारात उभे आहात आणि अजून आत गेलेले नाही. मासळीचा भाव ठरवणारा आणि तुम्हाला उचल देणारा माणूस एकच असेल, तर तीन लाख कधी फिटले हेही तोच ठरवणार. शिवाय चौथ्या वाट्याचा करार कागदावर नसेल, तर नफ्याच्या वेळी तुम्ही खलाशी ठराल आणि दंडाच्या वेळी भागीदार.

"मी नाही घेतला तर दुसरा घेईल." हे मी टाळून पुढे जाणार नाही, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच आहे. एका नौकेने समुद्र रिकामा होत नाही आणि एक नौका न गेल्याने तो भरतही नाही. खरं आहे. पण तुम्हाला मिळणारी मासळी येणार कुठून, याचा विचार करा. रापण किनाऱ्यावरून ओढायची. होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, दोन्ही टोकं वाळूवर आणायची आणि गावाने मिळून खेचायचं. जो थवा आपणहून काठाजवळ येईल तोच जाळ्यात. वाटे पडायचे ते जाळ्याचे, होडीचे, ओढणाऱ्या प्रत्येक हाताचे. पर्ससीन थव्याची वाट पाहत नाही. खोल पाण्यात जाऊन त्याला घेरते आणि खालची दोरी आवळून पूर्ण थवाच उचलते, त्यातली पिल्लंसुद्धा. बांगडा आणि तारली थव्याने फिरणारी मासळी, म्हणून पहिला फटका तिलाच बसतो. तुमच्या वडिलांच्या जाळ्यात येणं बंद झालेला बांगडा आणि त्या नौकेत तुम्हाला मिळू शकणारा बांगडा एकच आहे. तुम्ही वाटा बदलाल, पण वाटायचं तेच आणि दर वर्षी कमी होत जाणारं.

ते किती कमी होऊ शकतं ते केरळने पाहिलं आहे. २०१२ मध्ये तिथे जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये मिळाली ३,२९७ टन. समुद्राचं तापमान आणि एल निनो हे त्यामागचं मोठं कारण होतं, पण त्या ताणाच्या काळात अंडी घालण्याआधीच मासा उचलला गेला, हे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सांगत होते. बियाण्याचं भात शिजवून खाल्लं की पुढच्या मृगाला काय पेरायचं, तसला तो प्रकार. त्या वर्षांत घेरून मासेमारी करणाऱ्या मोठ्या नौकाही किनाऱ्याला बसून राहिल्या, आणि त्यांच्यावरचं कर्ज लहान होडीवरच्या कर्जाच्या कितीतरी पट होतं. पुढे २०२३ मध्ये तिथली तारली १.३८ लाख टनांपर्यंत परत आली. मासळी परत येऊ शकते, हे या गोष्टीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती परत येईपर्यंत ज्याचं घर तगून राहतं, तो टिकतो. तगून राहायला खर्च कमी लागतो.

म्हणूनच "पारंपरिक मासेमारी संपलीच आहे" हे तुमचं वाक्य मला जसंच्या तसं स्वीकारता येत नाही. २०१९ साली महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी मिळाली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनीही कितीतरी दिवस नौका किनाऱ्याला बांधून ठेवल्या होत्या. आकडा वाईट आहेच, पण तो सगळ्यांचा होता, ट्रॉलरचाही आणि पर्ससीनचाही. तुमची गिलनेट आणि लहान होडी ही त्यातली कमी खर्चाची, निवडक मासा घेणारी पद्धत आहे. नीट आसाचं, म्हणजे योग्य मापाच्या छिद्रांचं, जाळं असेल तर पिल्लं निघून जातात आणि मोठा मासा अडकतो, त्याला भावही बरा मिळतो. ही पद्धत जुनी झाली म्हणून मोडत नाही. तिच्या वाटेतला मासा आधीच उचलला जातो म्हणून ती मोडते. या दोन्हींत फरक आहे, आणि तुम्ही बाबांवर रागावताना तो विसरू नका असं मला वाटतं.

बाबांविषयी थोडं. त्यांनी जे विचारलं ते हट्टाने विचारलं नाही. त्यांनी मोर्चे काढले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि २०१६ चा आदेश काही आकाशातून पडला नाही. पण मला त्यांच्याशीही बोलायचं आहे, हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचेल अशा आशेने. बाबा, लढा तुमचा खरा होता. मात्र मुलाने तोट्यातली होडी आहे तशीच चालवत राहावी आणि त्यालाच निष्ठा म्हणावं, हे मागणं जड आहे. त्याला तुमच्याकडून नकाराइतकीच वाटही हवी आहे. कोणत्या वाऱ्याला कुठे जाळं लावायचं, कोणत्या महिन्यात कोणत्या खडपाजवळ काय मिळायचं आणि आता काय मिळतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? ते त्याच्याजवळ बसून सांगा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. आई आणि पत्नी यांचा उल्लेख एका वाक्यात येतो, "बाजारात मासे विकतात", आणि पुढे निर्णयात त्या कुठेच नाहीत. तुमच्या घरात रोज रोख पैसा कोण आणतं? होडी रिकामी आली त्या दिवशी जेट्टीवरच्या लिलावात मासळी घेऊन, पाटी डोक्यावर घेऊन बाजार कोण गाठतं? त्यांना विचारा की मालवणात आलेला पर्यटक इसवणीच्या एका तुकड्याला किती मोजतो आणि त्यातले तुमच्या घरात किती येतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. जास्त मासा पकडण्याची शक्यता तुमच्या हातात फारशी नाही. जो पकडता त्याचा जास्त पैसा घरात ठेवण्याची आहे.

पुढच्या हंगामात होडीवर पुरेसा बर्फ न्या. इसवण, सरंगा, कर्ली असला चांगला मासा लिलावात एकगठ्ठा न घालता चार-पाच खानावळी आणि न्याहारी-निवासवाल्यांशी आधी बोलून ठेवा. त्यांना रोज ताजा, साफ करून कापलेला मासा हवा असतो आणि सकाळी तो देणारं भरवशाचं माणूस मिळत नाही. हे काम तुमची पत्नी तुमच्यापेक्षा चांगलं करेल, कारण भाव आणि गिऱ्हाईक दोन्ही तिला कळतं. जास्तीचा बांगडा मातीमोल भावाने देण्यापेक्षा सुकवा, पण वाळूत न पसरता मांडवावर किंवा जाळीवर. स्वच्छ सुक्या मासळीला मुंबई-पुण्याचे चाकरमानी दुप्पट आनंदाने पैसे देतात. गावातल्या आणखी दोन-तीन घरांनी एकत्र येऊन बचतगटातून हे केलं तर पुरवठ्याला खंड पडणार नाही.

पर्यटनाचं विचारलंत. खोल्या काढण्याला माझा विरोध नाही, तो समाजाशी द्रोहही नाही. पण होडी विकून खोल्या काढू नका. पर्यटनही पावसाळ्यात झोपतं, नेमकं त्याच महिन्यांत जेव्हा मासेमारी बंद असते, त्यामुळे एकाची तूट दुसरं भरून काढेल ही समजूत अर्धीच खरी आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने होड्या आणि पर्यटकांसाठीच्या झोपड्या एकाच फटक्यात मोडल्या. दोन खोल्यांपासून सुरुवात करा, कर्ज न काढता किंवा अगदी थोडं काढून. राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करा आणि बांधकामाला हात लावण्याआधी सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचे, नियम ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. तुमच्याकडे जे आहे ते हॉटेलवाल्याकडे नाही. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत बचतगटातल्या महिला पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात, वल्हं स्वतः मारतात आणि खाडीतलं जिवंत ज्ञान स्वतःच्या तोंडाने सांगतात. बाबांचं ज्ञान ऐकायलाही लोक येतील.

जागा मात्र विकू नका. यावर मी अजिबात मऊ बोलणार नाही. किनाऱ्यावरची जागा गेली की होडी ओढायला, जाळं सुकवायला, मासळी वाळवायला ठिकाण राहत नाही, आणि मग मासा परत आला तरी मासेमारी परत येत नाही. मुंबईच्या खरेदीदाराला नकार देतानाच सातबारा आणि घराची नोंद तपासा. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांच्या जागा आजही दुसऱ्याच कोणाच्या नावावर आहेत आणि हे घरच्यांना विक्रीच्या वेळीच कळतं.

पैसा लागणारच आहे, नव्या जाळ्याला आणि इंजिनाच्या दुरुस्तीला. तो व्यापाऱ्याकडून न घेता बँकेतून घ्या. २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, वेळेत फेड केली तर व्याज चार टक्क्यांच्या आसपास पडतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे, त्यामुळे बँकेत 'तुमचा धंदा शेतीत बसत नाही' असं कोणी म्हणालं तर तो निर्णय दाखवा. बंदीच्या महिन्यांसाठी केंद्राची बचत-सह-मदत योजना आहे. तुम्ही १,५०० रुपये भरायचे आणि सरकार ३,००० घालतं. रक्कम लहान आहे, पण ती हक्काची आहे आणि मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व चालू नसल्यामुळे किती घरं ती सोडून देतात! वर्गणी थकली असेल तर आधी भरा.

फाडलेल्या जाळ्यांबद्दल: पुढच्या वेळी ट्रॉलरचा क्रमांक टिपा. कर्नाटकच्या नौकेवर आयएनडी-केए, गोव्याच्या नौकेवर आयएनडी-जीए असं लिहिलेलं असतं. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ आणि फोटो घ्या, आणि सोसायटीच्या पत्रावर मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आणि सागरी पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. समुद्रात नौका अडवायला जाऊ नका. मालवण-आचऱ्याच्या पट्ट्यात यापूर्वी झालेल्या संघर्षांनंतर पारंपरिक मच्छीमारांवरच गुन्हे दाखल झाले आणि लोकांच्या कोर्टाच्या फेऱ्या सुरू झाल्या. तुमच्या मुलीला तिचा बाप घरी हवा आहे.

आणि स्वतःच्या घरातही एकदा पाहा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. आपला राज्यमासा पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत पकडायचा नाही. तुमच्या जाळ्याचे आस त्यात बसतात का? पर्ससीनला बोट दाखवताना आपल्या पाटीत पिल्लं नसतील तर बोलण्याला वजन येतं. बाबांशी अबोला सोडवायलाही हा विषय बरा आहे. वाट्याची गोष्ट काढू नका, आसाची काढा, जाळं पुढ्यात घेऊन.

हे वाचणाऱ्यांत काही जण आज अशाच नौकांवर खलाशी म्हणून जात असतील. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून आलेली मुलंही राबतात. पगारासाठी तिथे चढणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. मालकीत पैसा घालणं ही वेगळी गोष्ट आहे, कारण मग ते जाळं जास्तीत जास्त दिवस पाण्यात राहावं यात तुमचंच हित गुंततं. सातपाटी, वर्सोवा किंवा रायगडच्या डोलकरांची जाळी आणि मासळी वेगळी आहे, पण उचल देणाऱ्यालाच मासळी घालायची ही अट कुठेही आली तरी सही करण्याआधी घरातल्या विकणाऱ्या बाईला ती वाचून दाखवा. ती फसवणूक लवकर ओळखते.

व्यापाऱ्याला नाही म्हणताना भांडू नका, उद्या मासळी त्यालाही विकावी लागेल. एवढंच सांगा की सध्या घरात कर्ज नको आहे. मग पहिले दोन महिने एक वही घाला. इंधन, बर्फ, जाळं, किती मासा लिलावात गेला, किती थेट खानावळीत गेला आणि दोन्हींना काय भाव मिळाला. वही पत्नीकडे ठेवा. दिवाळीनंतर ते आकडे मला पाठवा, पुढच्या खोल्यांचं आणि कर्जाचं त्यावरून बोलू.